कोंडीरामची मान का कलते

वारजे, पुणे
शुक्रवार, दुपार

ती. पूर्णिमाताईस,

आनंदचा साष्टांग नमस्कार. बऱ्याच वर्षांनी आठही अंगांनी घालतो आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. पण तक्रारीआधी विचारपूस. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? (घरात फिजिओथेरपिस्ट बायको असूनही त्यांचा गुडघा अजून दुखतो, म्हणजे ते माझ्यापेक्षा हुशार आहेत.) नाशकात थंडी पडली असेल. इकडे आम्ही ठीक. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला "हात वर कर बघू" यापलीकडे काही बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

'गल्ली नंबर तीन' ही आमची मालिका तू नेमाने बघतेस असं म्हणतेस, पण तुझ्या प्रश्नांवरून तसं वाटत नाही, तेव्हा मुळापासून सांगतो. कोंडीराम, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलणारा आमचा म्हातारा बाहुला, पहिल्या पर्वात कोणी नव्हताच. नटांना कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून त्याला मधल्यामध्ये खिडकीत बसवला होता. मी खिडकीखाली उकिडवा, उजवा हात डोक्यावर ताठ, आणि हाताच्या टोकाला कोंडीराम. अशा अवस्थेत माणूस जसा बोलेल तसाच तो बोलायचा, भराभर आणि चिडून. कोणी पत्ता विचारला की, "माहीत नव्हता तर घरून निघालात कशाला?" आणि खिडकी बंद. लोक म्हणाले, काय अस्सल शनिवार पेठ आहे! अस्सल होत्या त्या माझ्या पोटऱ्या. त्यांना मुंग्या येत होत्या, म्हणून खिडकी बंद.

दुसऱ्या पर्वात मला चाळिशी लागली (पन्नाशीत, मी कुठलीच गोष्ट वेळेवर करत नाही, हे तुझंच मत आहे). संवादांचा कागद खिडकीखालच्या फळीला चिकटवलेला, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि तो वर ढकलायला हात मोकळा नाही. वाक्य सापडेपर्यंत कोंडीराम समोरच्याकडे नुसता बघत बसे. शेजारच्या कांताबाई विचारायच्या, "काका, जेवलात का?" कोंडीराम बघतोय. बघतोय. मग सावकाश, "वाढताय?" वाक्य लेखकाचं, पण त्याआधीचं ते बघणं माझ्या चष्म्याचं. पेपरात छापून आलं की पात्र प्रगल्भ झालं आहे.

आणि तिसऱ्या पर्वात खांदा आखडला. हात सरळ वर जाईना, तिरका जाऊ लागला, त्यामुळे कोंडीराम एका बाजूला कलून बसू लागला. त्याच सुमारास तो प्रसंग आला. कांताबाई खिडकीशी येऊन सांगतात की परदेशातला मुलगा फोन करत नाही. यावर कोंडीरामने एक बोचरं वाक्य टाकायचं होतं. नेमकी त्या क्षणी खांद्यातून अशी कळ आली की माझी बोटंच हलेनात, आणि बोटं हलली नाहीत तर त्याचं तोंड कसं उघडणार? तो मान कलती ठेवून गप्प ऐकत राहिला. ताई, घरोघरी बायका रडल्या. पुरुषही रडले, पण त्यांनी कळवलं नाही. खिडकीखाली मीसुद्धा रडत होतो, माझं कारण वेगळं होतं.

तेव्हापासून कोंडीराम बदलला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लेखक त्याला तसे प्रसंग लिहू लागले. चौथ्या पर्वात तर गल्लीतला जो तो आपलं दुःख घेऊन खिडकीशी यायचा, आणि हा कलायचा. मैत्री नावाची मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे, ती यूट्यूबवर 'कोंडीराम : रागाकडून करुणेकडे' अशी मालिकाच चालवते. ती मला भेटायला आली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "सर, ते जे कलणं आहे ना, ते आतून आलं ना?" मी म्हटलं, "हो, आतूनच. खांद्याच्या वाटीतून." तिने फक्त 'आतूनच' एवढं घेतलं आणि त्यामागे बासरी लावली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग सुट्टीत ते लग्न आलं, आणि मी टाकलेल्या अक्षता नवरानवरीपर्यंत न जाता पुढच्या बाईंच्या अंबाड्यात पडल्या, आणि ते तू पाहिलंस. त्यानंतर भर मांडवात तू मला जे बोललीस ते कोंडीरामलाही सुचलं नसतं. मग तुझे व्यायाम आले: भिंतीवर बोटं चालवणं, पाठीमागून टॉवेल ओढणं, दाराला टांगलेली दोरी. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी चार दिवसांत सोडून दिलं असतं. पण तू श्रद्धाला पहाऱ्यावर बसवलंस. (माझी बायको माझ्या बाजूची नाही, हा शोध मला दोरी ओढताना लागला.) दोन महिन्यांत खांदा लख्ख बरा झाला. अभिनंदन.

पाचव्या पर्वाची तालीम सुरू झाली. मी हात वर केला. कोंडीराम खिडकीत आला तो हवालदारासारखा ताठ. मग आमचा दिग्दर्शक केदार हळूच म्हणाला, "आनंदकाका, हा कोण आलाय?" मुद्दाम कलवून पाहिला, तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावतोय असं दिसायला लागलं. मग केदारने ऋषीला बोलावलं. ऋषी हा नवा बाहुलीवाला, सकाळ-संध्याकाळ जिममध्ये असतो, खांदे दाराच्या चौकटीएवढे. पण त्याने चौथं पर्व पाहून पाहून ते कलणं असं बसवलंय की काय सांगू! म्हणजे माझं दुखणं त्याला येतं आणि मला येत नाही. कोंडीराम कोणाच्या हातात द्यायचा ते सोमवारी ठरणार आहे.

ताई, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तो माझ्या हातावर होता, त्याला समोरून असा मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने माझ्याकडे बघून मान कलवली, आणि मी त्याला सगळं सांगायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं की आत ऋषी आहे.

असो. भावोजींना नमस्कार सांग. आमची काळजी करू नये.

तुझा,
आनंद

ता. क. : तू दिलेल्या व्यायामांपैकी नेमके कोणते सोडले तर खांदा पुन्हा थोडासा आखडेल, तेवढं कळव. जास्त नको. शर्ट घालता यावा, फक्त हात सरळ वर जाऊ नये. हे श्रद्धाला कळू देऊ नकोस.

ता. क. २ : पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं आणि सोमवार होऊन गेला. कोंडीराम ऋषीला दिला. मी निघालो होतो, चप्पलही घातली होती. तेवढ्यात केदार म्हणाला, याचा डावा हात आजवर नुसता कापसाचा होता, खिडकीच्या कठड्यावर टाचणीने टोचलेला; या पर्वात तो हलता करू या, तुम्ही घ्याल? तर आता खिडकीखाली आम्ही दोघं, ऋषीच्या बगलेत मी, कोंडीरामच्या बाहीत माझा डावा हात. पहिल्याच तालमीत कांताबाई आल्या आणि म्हणाल्या, मुलगा येतोय. ऋषीने मान कलवली. हातासाठी काही लिहिलेलं नव्हतं. पण तो आपणहून पुढे गेला आणि कठड्यावरच्या कांताबाईंच्या हातावर जाऊन बसला. ऋषीने कानाशी विचारलं, "काका, हे कुठून काढलंत?" मी म्हटलं, "गप्प बस, मान सांभाळ."

ता. क. ३ : कालपासून डावा खांदा दुखतोय. तू काहीही पाठवू नकोस.