तोंड फिरवणं

३० ऑगस्ट
मंडळाच्या गणपतीत आज अब्रू गेली! उन्नतीचं नाव माइकवर दोनदा पुकारलं — श्लोक म्हणायचा होता. ढिम्म हलली नाही. मी मागून हाक मारली, खांदा हलवला, तर चारचौघांत मला म्हणते, "क्या?" सहा वर्षांची पोर. आमच्या सहा पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, पण घरात मराठीच राहिली. तिथंच एक चापट दिली.

३१ ऑगस्ट
आजपासून नियम कडक. घरात हिंदीत बोलली की मी तोंड फिरवणार, उत्तर नाही. तर ही वळसा घालून पुढ्यात येते आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. उद्धटपणा सगळा. सीमंतिनी म्हणते, "अहो, एकदा कान दाखवू या." बायकोने लाडावून ठेवलंय.

२० सप्टेंबर
शेवटी सीमंतिनीच घेऊन गेली. मी फक्त गाडी चालवली. नई सडकेवरच्या डॉक्टरीणबाईंनी कानातला दाब मोजला. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय, बऱ्याच महिन्यांपासून असणार. "होठ देखकर समझती है. बड़ी होशियार बच्ची है."
आणि मी तोंड फिरवत होतो.

२१ सप्टेंबर
लाज वाटते. दुसरं काही लिहवत नाही.

४ नोव्हेंबर
पाणी आपोआप हटतं का, ते बघायला डॉक्टरीणबाईंनी तीन महिने थांबायला सांगितलंय. सीमंतिनी शिकवते ती शाळा सकाळची, म्हणून वेणी घालायचं काम माझ्याकडे. उन्नती आरशासमोर, मी तिच्या मागे. केस विंचरताना रोज पुटपुटतो — चुकलो गं, बाळा. समोर बसून म्हणायची हिंमत नाही. तिला ऐकू येत नाही, म्हणून तर म्हणतो. भित्रा बाप.

२४ डिसेंबर
पाणी हटलं नाही. आज नळ्या बसवल्या. पडद्याला बारीक छेद देऊन तिळाएवढी नळी, पुढे आपोआप गळून पडते म्हणे. आत नेताना माझा अंगठा सोडेना. ज्या हाताने मारलं, त्याच हाताचा.
घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. "बाबा, ये पहले से बोलती है?"
हो म्हणालो. हिंदीला पहिल्यांदा उत्तर दिलं.

२९ डिसेंबर
वेणी घालताना सवयीने तोंडून गेलं — चुकलो गं, बाळा. मग लक्षात आलं, आता हिला ऐकू येतं. हात थांबले.
"रोज तो बोलते हो," ती म्हणाली. "आरशात दिसायचं. अब आवाज भी आती है."