सव्वीस टक्के आणि एक आवाज

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने खेळ बनवणारा (मोबाइलवरचे, मैदानावरचे नव्हेत), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. घसा नाही; स्वरयंत्र काढल्याला सहा वर्षं झाली. तेव्हा 'आम्ही त्यांच्या तोंडून वेगळंच ऐकलं होतं' असं म्हणत कोणी पुढे आलं, तर त्याला खुशाल खोटा समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. मुलगा म्हणेल, आईला एवढ्या खोल्या कशाला? हव्यात. तिने जन्मभर माझ्या वायरी ओलांडत संसार केला, आता जरा मोकळं चालू दे.

२. 'पोरखेळ करून कोणाचं पोट भरलंय?' असं चारचौघांत विचारणाऱ्या आणि पुढे माझ्याकडेच शेअर मागायला आलेल्या मेहुण्याला माझा जुना मॉनिटर. तो चालत नाही.

३. मायक्रोफोन मोडून टाकावा. कोणाला देऊ नये.

४. कंपनीतला माझा हिस्सा. हे कलम लांबेल.

मुलाचे चाळीस टक्के, गुंतवणूकदाराचे चौतीस, माझे सव्वीस. मोठ्या कंपनीत विलीन व्हायचं तर पंचाहत्तर टक्के मतं लागतात. त्या दोघांची मिळून चौऱ्याहत्तर होतात. म्हणजे माझ्याशिवाय पान हलत नाही. सभा पुढच्या महिन्यात आहे आणि डॉक्टरांच्या मते मी तोवर टिकत नाही, म्हणून सगळ्यांचे डोळे या कागदाकडे लागले आहेत.

मोठ्या कंपनीला आमचा खेळ नकोच आहे, त्यातला नावाडी हवा आहे. नावाडी म्हणजे मी. खेळ केला तेव्हा आवाजाचा कलाकार परवडत नव्हता, म्हणून मीच गाद्यांच्या कपाटात बसून बोललो. खेळणारा हरला की नावाडी म्हणतो, 'दमलास? बस जरा. नदी कुठे पळून जात नाही.' लोकांना तो आवडला. कागदपत्रं करताना मुलगा म्हणाला होता, "बाबा, आवाज तुमच्या नावावर ठेवू या." मी म्हटलं, घरचीच तर कंपनी आहे, तुझं-माझं कशाला? झालं, आवाज कंपनीचा झाला. आता कंपनी विकली की तोही गेला.

त्यांनी परवा नमुना पाठवला. माझा आवाज यंत्राला शिकवून त्यांच्या जुगाराच्या खेळात घातला आहे. मुलाने तो बाहेरच्या खोलीत लावला आणि मी जन्मात न उच्चारलेलं वाक्य माझ्याच आवाजात ऐकलं: 'उठतोस काय? लाव अजून एक डाव, आता पाळी तुझीच.' आतून नात धावत आली. तिने मला फक्त खेळातच बोलताना ऐकलंय. "आजोबा बोलायला लागले!" म्हणत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मुलाने फोन बंद केला. मला लाज वाटली, आणि त्याचा राग आला. तो राग अजून आहे.

मग तो म्हणाला, "बाबा, अडतीस माणसं आहेत. पगार थकलेत. त्यांना काय सांगू, बाबांना आवाज हवाय म्हणून घरी बसा?" मी पाटीवर लिहिलं, 'विकू नकोस.' त्याने पाटी घेतली आणि पुसली. मुलगा वाईट नाही. पण पाटी पुसली हे इथे नोंदवून ठेवतो.

वकिलांना विचारलं, 'विकायचे नाहीत' अशी अट घालून शेअर देता येतील का? ते म्हणाले, घाला, पण टिकेलच असं नाही. शेअर ज्याचा, मत त्याचं. मग 'नाही' म्हणणारं माणूस शोधू लागलो. आमच्या खेळांतल्या चुका काढणारी तपासनीस, जिला आम्ही भिंग म्हणतो, तिला मुलाने पहिल्याच कपातीत काढलं होतं. तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, मला देऊ नका. मी एक दिवस ठेवणार नाही, विकून मोकळी होईन. घराचे हप्ते थांबलेत." खरं बोलली. पत्नीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही जाल. मला त्याच्या तोंडाकडे बघून दिवस काढायचेत. मला मध्ये घालू नका." तीही खरंच बोलली.

तेव्हा सव्वीसच्या सव्वीस टक्के मुलाला देतो. अट काही नाही. तो विकणार हे मला माहीत आहे. माझ्या हट्टापायी अडतीस घरांच्या चुली विझू नयेत, एवढंच. याला कोणी आशीर्वाद समजू नये.

५. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. मी आधी एकही केलेलं नाही. म्हणून मी पुढचं रद्द करतो. आजच्या तारखेनंतर माझ्या आवाजात जे काही बोललं जाईल, ते मी बोललेलो नाही. नातीला वाचता येऊ लागलं की हे कलम तिच्या हातात द्यावं. बाळा, तो आवाज एखाद्या दिवशी तुला नावाने हाक मारेल. त्यांना ते जमतं. ओ देऊ नकोस.

सही

साक्षीदार:
१. तपासनीस (भिंग). वाचून दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.
२. घशाचे डॉक्टर

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ४ मार्च