अर्जातला 'मी'

३ मे
मुलीच्या मेडिकलच्या अर्जाला अजून तेरा महिने आहेत. आजपासून नियोजन. तिची आई जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवशी डॉक्टर घड्याळाकडे बघत "बघू या" म्हणाला आणि जेवायला गेला. तसल्या माणसाला धडा शिकवायला आमच्या घरातून एक डॉक्टर निघालाच पाहिजे. महिनावार तक्ता करून फ्रिजवर लावला. मुलीने वाचला, फ्रिजमधून पाणी घेऊन गेली. पटलेला दिसतोय.

९ मे
मेहुणी आली. तक्ता बघून म्हणाली, "भावोजी, पोरीला विचारलंत का?" म्हटलं, चर्चा जानेवारीत आहे, नववा रकाना. हसत सुटली. सख्खी बहीण गेलीय हिची, आणि हसते!

१६ मे, दुपारी
मेडिकलच्या शिष्यवृत्तीसाठी अर्जासोबत निबंध लागतो. 'मला डॉक्टर का व्हायचं आहे.' मुलगी म्हणते, काही सुचत नाही. त्यात सुचायचंय काय? चाळीस मिनिटांत मीच लिहून टाकला. मुलीच्या नावाने वर्गशिक्षिकेकडे तपासायला दिला. एक काम वेळेआधी.

२४ मे
वर्गशिक्षिकेने दोघांना बोलावलं. म्हणाली, निबंध चांगला आहे, पण "मी बाकावर बसलो होतो" असं मुलगी कशी लिहील? टायपिंगची चूक, म्हटलं. "अकरा ठिकाणी?" आगाऊ बाई. मुलगी खिडकीबाहेर बघत बसलेली. बापाची बाजू घ्यायचं तिला कुणी शिकवलंच नाही.

२५ मे
दहा ठिकाणी 'होतो'चं 'होते' केलं. अकरावं जमेना. "मी शेवटपर्यंत दाराशी उभी होते." ती नव्हती. मीच तिला अकरावीच्या पेपरला पाठवलं होतं. आई कुठे पळून जात नाही, असं म्हणालो होतो. डॉक्टर नीट बोलला असता तर पाठवलं असतं का? सगळी चूक त्याची.

२६ मे
निबंध मुलीपुढे ठेवला. अकरावं वाक्य तूच बघ, म्हटलं. सगळा वाचून म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टरवर चिडलाय. मी तुमच्यावर." मी काय केलं, म्हटलं. "त्या दिवशीचा पेपर कसा गेला, एकदा तरी विचारलंत?"
विचारलं.
जीवशास्त्राचा होता. वर नाव लिहून कोरा देऊन आली. निकाल शुक्रवारी आहे.