फीड झोनमधली हुग्गी

१२ नोव्हेंबर, बुधवार
आजपासून मी प्रोफेशनल सायकलिस्ट. ठरलं म्हणजे ठरलं. अर्धा आयटीआय, मोबाईल रिपेरिंग, गोव्यातली हॉटेल लाईन, हे सगळं का सुटत गेलं ते आता कळलं. मी यासाठीच बनलोय. काल तौसिफच्या पंक्चरच्या दुकानात त्याच्या मोबाईलवर युरोपातली शर्यत बघितली. डोंगर, धुकं, रस्त्याकडेला नाचणारी माणसं. तौसिफ म्हणाला, मल्हारभाई, तुला पुलाचा चढ चढंना अन् तू डोंगर बघायलास. मी म्हणालो, दम नव्हता असं नाही, लाईफमध्ये गोल नव्हता.
उद्यापासून पहाटे पाचला प्रॅक्टिस.

१३ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो.

१५ नोव्हेंबर
आबांनी निकाल दिला. त्यांचा गुडघा गेलाय. मेंढरांमागं आता दोघांपैकी एकानं जायचं, मी नाहीतर धाकटी बहीण दिपाली. मी सांगून टाकलं, चौदा डिसेंबरला सोलापूर ते अक्कलकोट रेस आहे, वेळेत पोचेल त्याला पुण्याची अकादमी घेणार, राहणं-खाणं फ्री. आबा म्हणाले, जल्मात एक काम पुरं करून दाव. रेस पुरी केलीस तर तू पुण्याला जा, पोरगीचं कॉलेज बंद करतो. न्हाय केलीस तर काठी तुझ्या हातात.
दिपाली बारावी सायन्सला आहे. तिनं माझं ताट जरा आपटून ठेवलं. तिला मोकळी हवा मिळेल. अभ्यासानं चष्म्याचा नंबर वाढायलाय, माझं लक्ष असतं.

१९ नोव्हेंबर
तौसिफनं रेसर सायकल वापरायला दिली. हँडल एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. आमच्या घराण्यात हा खेळ रक्तातच असणार.

२३ नोव्हेंबर
सगळे प्रोफेशनल पायावरचे केस काढतात. हवा कमी अडते. आबांचा रेझर घेऊन ओट्यावर बसलो. डावा पाय झाला आणि आबा आले. म्हणाले, कातरायला एवढी मेंढरं हायत की रं, सवताला कशापाय कातरायलास? शेजारच्या बायका हसल्या. उजवा पाय राहिला.
डाव्या बाजूनं वारा कमी लागतो. फरक जाणवतोय.

२९ नोव्हेंबर
आज ड्राफ्टिंग. म्हणजे मोठ्या गाडीच्या आडोशाला चालवायचं, वारा लागत नाही. हायवेला उसाचा ट्रॅक्टर मिळाला. दोन ट्रॉल्या. काय स्पीड! मधूनमधून एखादा ऊस ओढून घेतला, एनर्जीसाठी. मान खाली घालून चालवत होतो. ट्रॅक्टर थांबला, मीही थांबलो, तर कारखान्याचं आवार. तिथं ट्रॅक्टरवाल्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. एक भिडू कमी पडत होता. संध्याकाळी आलो.
उद्यापासून डायव्हर्ट व्हायचं नाही.

५ डिसेंबर
रेसचे नियम व्हॉट्सॲपवर आले. सगळं इंग्लिश. वाचता येतं मला, पण अक्षर बारीक. दिपालीला दिलं. तिनं आधी सगळं स्वतः वाचलं, जरा विचार केला, मग समजावून सांगितलं. किती प्रेमानं!
मुख्य नियम फीड झोनचा. वळसंगच्या पुढं रस्त्यालाच मांडव असणार. तिथून हाक आली की थांबायचं. पत्रावळीत वाढलेलं सगळं संपवायचं. पंगत उठायच्या आत जो उठला तो रेसमधून बाद. मी म्हणालो, युरोपात तर चालत्या सायकलवर खाण्याची पिशवी घेतात. ती म्हणाली, आपल्यात चालतंय का, उभ्यानं खायाला? तू जनावर हायस का?
बरोबर आहे. संस्कार आधी.
मग तिनं तिच्या वर्गातल्या संस्कृती नावाच्या मैत्रिणीला फोन लावला. ती वळसंगकडचीच. त्यांच्या घरी चौदा तारखेला भाच्याचं जावळ आहे म्हणे. बराच वेळ दोघी हसत होत्या. बाहेर जाऊन बोल म्हणालो, माझं मेंटल ट्रेनिंग चाललंय.

१४ डिसेंबर, रविवार
सविस्तर लिहितो.
सुरुवात जोरात. वारा पाठीमागून. मी पुढच्या गटात टिकलो. खरंच टिकलो, तौसिफनं बाईकवरून व्हिडिओ काढलाय. तो ओरडत होता, भाई, तू तर चालायलास की रे! वळसंग मागं टाकलं. पाय दुखत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे पुरं होतंय.
आणि डाव्या हाताला मांडव दिसला. एक बाई रस्त्यावर येऊन हात करत होती. बा, बा, ऊटा माडु, जेवून जा! मी ब्रेक दाबला. बाकीचे सगळे सुसाट पुढं. नियमच वाचलेला नाही, बिचारे बाद होणार.
बाईचं नाव बसव्वा. संस्कृतीची आई. म्हणाली, दिपालीचा भाऊ नव्हं का तू? सकाळधरनं वाट बघायलोय. नाव इथपर्यंत पोचलंय. तौसिफ रस्त्यावरून बोंबलत होता, मल्हार, उठ! मी हातानंच सांगितलं, नियम.
गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वर तूप. संपली की बसव्वा आणखी वाढायची. शेजारचे आजोबा दात नसल्यामुळं सावकाश खात होते. ते उठल्याशिवाय पंगत उठणार नव्हती. त्यांनी परत हुग्गी मागितली. मीही घेतली, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. मग झाडाखाली जरा पाठ टेकली.
अक्कलकोटला पोचलो तेव्हा फिनिशची कमान खाली काढून ठेवली होती. संयोजकांना सगळं सांगितलं. त्यांनी आणखी दोघांना बोलावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दखल घेतली गेली.

१५ डिसेंबर
आबांनी काठी दाराला टेकवून ठेवली होती. दिपालीला माझं फार वाईट वाटलं. ओढणी तोंडात धरून कोपऱ्यात बसली होती, खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी. म्हणालो, रडू नकोस, तू कॉलेजला जा. तर आणखीच हुंदका आला तिला.

१८ डिसेंबर, माळावर
शांतपणे विचार केला. मी हरलो असं कुठंय? बहिणीच्या शिक्षणासाठी एका माणसानं करिअर सोडलं. लोकांना कळेल कधीतरी. तोपर्यंत मेंढरांच्या धंद्यात नवीन काहीतरी करायचं. युट्यूब चॅनल काढावं. नाव काय ठेवावं याची यादी केली, अकरा नावं झाली. बारावं लिहिताना मान वर केली.
मेंढरं पुढं निघून गेलीत. एक पण दिसंना.
खालच्या ज्वारीतून कुणीतरी शिव्या द्यायलंय. कन्नडमधून आहेत, पण समजतायत.