फणीतले धागे

सोमवार, १२ जानेवारी

रिपोर्ट आला. विनोदच कोल्हापूरहून घेऊन आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. पुन्हा पुन्हा वाचला— नाव दुसऱ्या कुणाचं निघेल म्हणून! आप्पांचंच आहे. यंदाचा पाऊस बघतील की नाही, सांगता येत नाही.

आईनं स्वयंपाकघरात ओढून नेलं. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. त्येंच्याजवळ बोलायचं न्हाय." विनोद, माझा धाकटा भाऊ, त्याचं वेगळंच— "आक्का, मागावरचा ताणा संपू दे, मग सांग. आत्ता सांगितलंस तर अर्धी साडी टाकून बसतील."

आप्पांना सांगितलं, पित्ताशयाला सूज आहे, गोळ्या घ्या. त्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला. मी डॉक्टर झाले तेव्हापासून त्यांनी मला कधी औषधाचं नावसुद्धा विचारलेलं नाही.

मंगळवार, १३

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. दुःखात भूक मरते म्हणतात. माझी मेली नाही— दीड भाकरी हाणली! आप्पांनी चतकोर कुस्करली, उरलेली मांजरापुढे सरकवली. माझी नजर त्यांच्या ताटावरून हलेना.

"काय बघालीस? जेव की."

माझा दवाखाना गल्लीतच, मागाच्या खोलीला लागून. मधे एकच भिंत. पेशंटची छाती तपासावी तर पलीकडून आप्पांचा माग खटखटतो. विणकरांच्या या शहापुरात लोकांना त्याचं काही वाटत नाही. आज माग मधेच थांबायचा आणि माझा हातही थांबायचा. पुन्हा वाजला की पुढचा पेशंट.

बुधवार, १४

संक्रांत. जो तो म्हणतोय, गोड बोला. परवापासून मी तेवढंच करतेय.

गुरुवार, १५

निपाणीच्या अंबुबाई आल्या. सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. फुप्फुसात गाठ निघालीय. मुलगा परशराम दारातच आडवा— "डॉक्टर, आईला सांगू नका. हाय खाईल ती."

मला संताप आला. "रोग त्यांचा आहे. त्यांना कळायलाच पाहिजे," असं तोंडावर सांगितलं आणि आत जाऊन अंबुबाईंचा हात धरून सगळं बोलले.

बाईंनी पदराचं टोक चाचपलं. मग म्हणाल्या, "बरं केलीस बाई. धाकट्या लेकीशी बोलत न्हवतो मी, तिच्या लगनापासनं. आता बोलवून घेतो." जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

तेवढ्यात पलीकडे माग सुरू झाला. शरमेनं कान तापले. परक्या मुलाला दारात शहाणपण शिकवणारी मी, मला ही एक भिंत ओलांडता येत नाही!

शुक्रवार, १६

दिवसभर तापाचे पेशंट. संध्याकाळी आप्पांनी स्वतः जाऊन खव्याचा कुंदा आणला. खाल्ला मात्र आम्हीच.

शनिवार, १७

दुपारी दवाखाना बंद केला आणि मागापाशी जाऊन बसले, लहानपणी बसायचे तशी. मोरपंखी साडी, लाल काठ. वीतभर पदर तेवढा राहिलाय.

"ही तुझी," आप्पा म्हणाले. "आणि नेस जरा. मागच्या खेपेची कपाटातच हाय न्हवं?"

ताणा संपला तरी त्या उभ्या धाग्यांची शेपटं आप्पा मागाच्या फणीतच राहू देतात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या धाग्याला सांधायचा, पीळ द्यायचा, की नवा आपोआप ओढला जातो. आजोबांच्या वेळेपासून असंच चाललंय. आमच्या मागाची फणी रिकामी झालेली मी जन्मात पाहिली नाही.

"पुढचा ताणा कुठल्या रंगाचा?" मी विचारलं.

"बघू की," म्हणाले आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकला. हात अजून तसाच चालतो. खांदा मात्र सदऱ्यात हरवलाय. मला तिथंच रडू येणार होतं, म्हणून चहाचं निमित्त करून उठले.

रविवार, १८

विनोदच्या गाडीतून कणकुंबीला, नदीच्या उगमाशी गेलो, चौघंच. आईनं पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती. जंगलात गारवा. आप्पांनी चपला काढून पाण्यात पाय सोडले आणि पोरासारखे ओरडले, "लई गार हाय गं!" किती दिवसांनी हसताना पाहिलं.

आई आणि विनोद देवळात गेले होते. आता सांगायचंच, असं ठरवून शेजारी बसले. "आप्पा, तो रिपोर्ट—"

"गप बस की जरा. पाणी बघ."

बघत बसले. सुटल्यासारखं वाटलं, त्याचाच राग आला. येताना जांबोटीला गरम भजी खाल्ली. आप्पांनी एक उचललं, आईला दाखवायला चावल्यासारखं केलं.

सोमवार, १९

सकाळपासून माग वाजला नाही. पेशंट तसेच बसवून पलीकडे गेले.

साडी घडी घालून ठेवलेली. फणी पुसून खुंटीला टांगलेली. तिच्यात एक धागा नाही! सगळे कापून काढलेले.

आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तूच की. भोगीला माझ्या ताटाकडं बघत बसलीस."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. केसांतून हात फिरवत म्हणाले, "मला कळलंय म्हणून तुझ्या आईला सांगू नको. तिला सोसायचं न्हाय."