वर श्री नसलेलं कार्ड

॥ श्री ॥
वाशीम,
३० जून २०१९

चि. निकितास आत्याआजीचे अनेक आशीर्वाद.

मुंबईत पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. टीव्हीच्या कार्यक्रमवाल्यांनी तुमचे फोन जमा करून घेतले हे वाचून तुझ्या आईची दया आली. मला मात्र बरंच वाटलं. अकोल्याच्या कॉन्व्हेंटात आम्हाला दर शनिवारी चार वाजता सिस्टर पत्र लिहायला बसवत. एक खाडाखोड झाली की पूर्ण पत्र पुन्हा. तेव्हा रडू यायचं, पण तुझ्यासाठी बारा पाकिटांवर पत्ता घालताना ती सवय कामी आली. अकरा उरली, जपून वापर.

मागच्या रविवारी मेडशीला गेले होते. ग्रामपंचायतीसमोर पडदा लावून सगळ्या गावानं तुझं गाणं पाहिलं. तुझ्या आबांना, म्हणजे आमच्या पुंजाजीदादांना, पुढची खुर्ची. तू समेवर आलीस तशी त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारचे भिवाजी दचकून उभेच राहिले. मग येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते, की तान माहीच आहे, पण पोरगी अंतऱ्याले घाई करून राह्यली, मुंबईचं पाणी लागलं तिले. खंजेरी जवळ नसली तरी बोटानं ठेका धरत जा, असा त्यांचा निरोप आहे.

तुझ्या गाण्यांच्या वहीत मी घरची काही जुनी पत्रं ठेवली आहेत. करमेनासं झालं की वाच. हरवू नकोस. मी आयुष्यात एकही पत्र फाडलेलं नाही.

दूध पीत जा, आईला त्रास देऊ नकोस. माया इथून भरपूर पाठवते आहे, उलट टपालानं तेवढीच यावी.

तुझी,
विजयमाला आत्याआजी


॥ श्री ॥
मुंबई,
९ जुलै २०१९

ती. आत्याआजीस निकिताचा सा. न.

मी मजेत आहे. इथं खूप मोठे आरसे आहेत. एक मोठे दादा आहेत, ते सगळ्या मुलांना विचारतात की तुझ्या घरी दुःख काय. एका मुलाला वडील नाहीत. एका मुलीचं घर पुरात गेलं. मी म्हटलं आमच्या घरी दुःख नाही, म्हैस आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, नीट आठव, नाहीतर पुढच्या आठवड्यात घरी जाशील.

मग वहीतल्या पत्रांत ते कार्ड सापडलं, ज्याच्यावर श्री लिहिलेलं नाही. आबांना खळ्यात कावळा शिवला होता तेव्हा बाबांनी तुला पाठवलेलं. पुंजाजी देवाघरी गेले, लवकर निघावे. मी दादांना सगळं सांगितलं. डोक्याला कावळा शिवला की माणूस मरते म्हणतात, म्हणून जवळच्या कोणाला तरी खोटं पत्र धाडतात, ते माणूस खरं रडलं की मरण टळते, आणि मग दुसरं पत्र धाडतात की सुखरूप आहे. तू एसटीत रडत आली, आबा दारात चहा पीत बसले होते आणि तू त्यांना छत्रीनं मारलं, हेपण सांगितलं.

दादांना ते कार्ड खूप आवडलं. म्हणाले, गोष्ट चांगली आहे, आपण फक्त अर्धी सांगू. दुसऱ्या पत्राचं बोलायचं नाही. मी आईला विचारलं. आई म्हणाली, दादा म्हणतात तसं कर.

रविवारी दाखवणार आहेत. आत्याआजी, अर्धी म्हणजे खोटी नाही ना?

आबांना नमस्कार. म्हशीला पण. माझी आठवण रोज एकदा काढा.

तुझी,
निकिता


॥ श्री ॥
मेडशी,
१५ जुलै २०१९

चि. सौ. राखीस आशीर्वाद.

खाडाखोड झाली तर होऊ दे.

निकिताचं पत्र मला आज सकाळी वाशीमला परतल्यावर मिळालं, आणि ते घेऊन मी पुन्हा इथे आले. एक दिवस उशीर झाला. काल याच पडद्यासमोर मी दादांच्या मागच्या खुर्चीवर होते. पेढे आणून ठेवले होते. निकिता आली, आणि तिच्या मागे दादांचा फोटो आला, तुमच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्याला हार. खाली नावाआधी कै. लिहिलेलं. मग ते कार्ड, हरीओमच्या अक्षरातलं, खाटेएवढं मोठं. पोर हुंदके देत गात होती आणि परीक्षक डोळे पुसत होते.

राखी, अख्खं गाव वळून दादांकडे पाहत होतं. दादा समोर पाहत राहिले. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले की सूर चांगला लागला. मग काठी घेऊन घरी गेले. पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

आज दुपारी मी इथे पोचते तोच केनवडहून तुझी मावससासू जमनाबाई आल्या. दारातच हंबरडा फोडला, आणि पाण्याचा तांब्या घेऊन दादाच बाहेर आले. बाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. नंतर त्या इतक्या रागावल्या, की जिवंत होते त कळवा लागत नाही काय, माहं रडणं फुकट गेलं म्हणाल्या. आम्हाला हसूही आलं नाही.

दोष माझाही आहे. असं कार्ड वाचल्याबरोबर फाडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. मी ठेवलं. त्यावर दादांच्या मरणाची बातमी होती आणि दादा जिवंत होते, इतकं सुखाचं कार्ड मला दुसरं कधी आलं नव्हतं. पण ते पोरीच्या वहीत घालायची दुर्बुद्धी मला का झाली?

आता एकच कर. पहिलं पत्र गेलं, दुसरं पाठव. पुढच्या रविवारी त्याच पडद्यावर सांगा, की पुंजाजी सुखरूप आहेत. हरीओम कालपासून वावरातच आहे, घरात येत नाही.

रागावले आहे, तरी तू आमचीच आहेस.

आत्याबाई


॥ श्री ॥
मुंबई,
२४ जुलै २०१९

ती. आत्याबाईंना राखीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी काय दगडाची आहे का? पण त्या आठवड्यात निकिता बाहेर जाणार होती, नावही निघालं होतं. आता सगळ्यात जास्त मतं तिला आहेत. एक गाण्यांची कंपनी तिला घेते म्हणते, नवं नाव, नवी गाणी. आता मी उभी राहून सांगू, की माझी पोरगी खोटं बोलली? दहा वर्षांच्या पोरीला सारा देश खोटारडी म्हणेल, इथल्या कार्यक्रमाच्या दादाला कोणी काही म्हणणार नाही. कागदावर यांची सही आहे, इथली गोष्ट बाहेर सांगायची नाही म्हणून. कागद इंग्रजीत होता. यांनी तुम्हाला दाखवला असता तर बरं झालं असतं.

ती रडली ते नाटक नव्हतं. आपण बोललो आणि आबांना खरंच काही झालं तर, याच भीतीनं ती रडत होती. अजून झोपेत दचकते.

मामाजींना सांगायला माझं तोंड नाही, तुम्ही सांगा. अंतिम फेरीला येऊ नका म्हणावं. पेपरवाले गावात आले तर समोर जाऊ नका. फोटो काढू देऊ नका. थोडे दिवस.

तुम्ही कॉन्व्हेंटात शिकल्या, म्हणून तुम्हाला खरंखोटं परवडते. मलेही गळा होता आत्याबाई. सासरी आल्यावर कोणी एकदा तरी म्हण म्हटलं का? मामाजींनीही नाही.

जास्त लिहिलं, माफ करा. मनातून काढू नका.

राखी


मेडशी,
२ ऑगस्ट २०१९

निकिता बेटा, तुले आशीर्वाद.

तुही आत्याआजी रडून राह्यली, तुही माय भेऊन राह्यली, म्हून मीच लिवतो. अक्षराले हसू नको.

मी मेलो त मेलो. त्यात कायचं येवढं? कावळ्यानं मारलं तवा वाचलो, आता टीव्हीनं मारलं. गावातले पोट्टे मले पाहून भूत आलं भूत म्हणतात, मीबी काठी घेऊन त्याइच्या मांगं धावतो. मजा आहे. तुह्या मायले सांग, मी कोणाच्या फोटोत येत नाही. आन हेबी सांग, का तिचा गळा मले मालूम होता. मी इचारलं नाही, चूक माही आहे.

खंजेरी खुंटीले टांगली. मेलेल्या माणसानं वाजवू नये, आवाज मुंबईले गेला त?

पण एक ध्यानात ठेव. पयलं पत्र धाडलं का दुसरं धाडा लागते. ते धाडणाऱ्याचं काम असते, मेलेल्याचं नाही. तुले जवा जमन तवा धाड. मी वाट पायतो. घाई करू नको. अंतऱ्यालेबी घाई करू नको.

तुहा जिता आबा,
पुंजाजी


॥ श्री ॥
वाशीम,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

सगळं जग तुला निक्की म्हणतं, माझ्या पेनातून ते उतरत नाही. फोनवर तू नेहमी कुणाच्या तरी घोळक्यात असतेस, म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात मेडशीत लग्न होतं. वरात आपल्या दारावरून गेली आणि डीजेवर तुझं तेच गाणं, ‘आबा, हाक दे’. पोरं बेभान नाचत होती. दादा ओट्यावर बसले होते. कुणाच्या तरी ध्यानात आलं, नाच थांबला, डीजे बंद. मेलेल्यासमोर त्याच्याच मरणाचं गाणं! दादांनीच हातानं खूण केली, की वाजवा बाप्पा, काहून थांबले? नंतर मला म्हणाले, ठेका फार पळते.

पण परवा जे झालं त्यानं मी सुन्न आहे. तुझे चार-पाच चाहते मोटारसायकलींवर हार घेऊन आले. आबांची समाधी कुठे आहे म्हणून विचारलं, तेही दादांनाच. दादांनी त्यांना पाणी पाजलं आणि मसणवटीकडे बोट दाखवलं. पोरं पाया पडून तिकडे गेली. मी ओरडले, की असं का केलंत? तर म्हणाले, पत्ता चुकीचा नाही सांगितला विजू, जरा लवकर सांगितला.

ते एक्याऐंशीचे आहेत. सहा वर्षांत तू दोनदा आलीस, काळ्या काचांच्या गाडीतून, तोंडाला रुमाल बांधून, आणि तुरीच्या वावरात तासभर त्यांना भेटून गेलीस. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून मी करते आहे. थोडे दिवस म्हणाली होती तुझी आई. खंजेरी अजून खुंटीवर आहे. दर दिवाळीला उतरवतात, पुसतात, परत टांगतात.

तुझं नाव खूप मोठं होवो. पण बाळा, दुसरं पत्र राहिलं आहे.

तुझी,
आत्याआजी


॥ श्री ॥
मुंबई,
२ डिसेंबर २०२५

ती. आत्याआजीस सा. न.

तुझं पत्र घेऊनच मी नागपूरच्या कार्यक्रमाला गेले होते. शनिवारी, शेवटच्या गाण्याआधी, वाद्यं थांबवली आणि माईकवर म्हटलं, की माझे आबा जिवंत आहेत.

काय झालं सांगू? टाळ्या. सगळं मैदान उभं राहिलं, हजारो मोबाइलचे दिवे लागले, आणि कुणीतरी आरोळी दिली, आबा अमर रहे. मी पुन्हा म्हटलं, तसं नाही हो, खरंच जिवंत आहेत, मेडशीत आहेत, ओट्यावर बसतात. तर पुढच्या रांगेतल्या बाया रडायला लागल्या. मी तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं आणि वादकांना वाटलं मी खूण केली, त्यांनी गाणं सुरू केलं. आणि मी गायले, आत्याआजी. सवयीनं. दुसऱ्या दिवशी कंपनीनं तेच चित्रण सगळीकडे टाकलं. आजोबा नातीच्या हृदयात जिवंत, असं वर लिहून.

दहा वर्षांची असताना अर्धं सांगितलं ते सगळ्यांनी पूर्ण मानलं. आता पूर्ण सांगते तर कुणी ऐकत नाही. मला तेव्हापासून नीट बोलताच येत नाहीये.

तुझ्या बारा पाकिटांतलं शेवटचं हे. यात दोन कार्डं आहेत. जुनं, कंपनीच्या ऑफिसात काचेत लावलं होतं, ते मी मागितलं नाही, काढून आणलं. ते तू फाडायचंस. नवं आबांना दे.

१३ तारखेला येते. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. रुमाल न बांधता. ज्याला फोटो काढायचा त्यानं काढावा, आबांसोबत. कंपनी म्हणते करार मोडेल. आई चार दिवसांपासून बोलत नाही. मला भीती वाटते, पण येते.

तुझी,
निकिता


॥ श्री ॥
मेडशी,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. राखीस आशीर्वाद.

निकिता काल पोचली. फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा हरीओम तिथे सकाळपासून उभा होता. त्यानं तिची पिशवी घेतली आणि दोघं गावातून पायी आले. मागे गाव. आता फोटो कुठवर गेले असतील, त्याचं काय होईल, मला कळत नाही. तुझ्या जिवाची काय स्थिती असेल ते मात्र कळतं.

तिचं कार्ड मी आधी दिलं नव्हतं, तिच्याच हातून दिलं. दादांनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं. सर्वांत वर ठळक श्री, आणि खाली तीन ओळी. ती. आबांस सा. न. आपण सुखरूप आहात. काळजी नसावी. दादांनी ते कोपरीच्या खिशात ठेवलं आणि बराच वेळ खिशावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, सहा वर्षं लावली, पण अंतऱ्याले घाई नाही केली पोरीनं.

मग जुनं कार्ड फाडायची माझी पाळी. जन्मात पहिल्यांदा पत्र फाडत होते, हात होईना. दादा समोर बसून राहिले, म्हणाले, तू तुकडेबी जपून ठेवशीन, चुलीत टाक. टाकले. त्याच जाळावर त्यांनी खुंटीवरची खंजेरी धरली. सहा वर्षांत कातडं पार सैलावलं होतं, हळूहळू ताणलं गेलं. पहिली थाप पडली तेव्हा निकिता दचकली, तिच्या कुठल्याही स्टेजवर दचकली नसेल इतकी. मग दोघं गायले.

मधेच दादांनी थांबून विचारलं, राखी कुठं आहे, दुसरा आवाज कोण देईन? मला म्हणाले, तिले लिही, का मीच बोलावतो.

तेव्हा लिहिते आहे. खंजेरीचा आवाज मुंबईपर्यंत पोचला असेल, तर निघून ये.

वाट पाहणारी,
आत्याबाई