मापाचा माणूस

रविवार, २ मार्च. टॅम्पिनीस

पोचलो. बॅगा उघडायच्या आधी फ्लॅट मोजून घेतला. एजंटने सदुसष्ट चौरस मीटर सांगितले होते, भरले त्रेसष्ट पूर्णांक चार. स्मिता म्हणाली, हे स्वर्गात गेले तरी आधी दाराची चौकट मोजतील आणि देवाला चूक दाखवतील. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने मला ओळखलं आहे.

फ्लॅट नवव्या मजल्यावर, वारा भरपूर. स्वयंपाकघरालगत पोलादी दाराची एक काँक्रीटची खोली आहे. बॉम्ब पडले तर लपायला म्हणून इथल्या नव्या घरांत ती असतेच, आणि सगळे तिच्यात अडगळ ठेवतात. स्मिताने पहिल्याच तासात तिथे लोणचं, मुरांबा, भाजणी आणि तिचं खलबत्त्याचं गाठोडं लावलं. युद्ध झालं तर उपाशी मरणार नाही म्हणाली.

एक्कावन्नाव्या वर्षी परदेशातली पहिली नोकरी. पुण्यात एका आर्किटेक्टकडे ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढण्यापासून सुरुवात केली. डिप्लोमा अर्धवट सुटला. संगणकावरचं ड्रॉइंग, लॅटिन, रोमन बांधकाम, सगळं स्वतःच्या हिमतीवर शिकलो. इरा, आमची मुलगी, पुण्याला हॉस्टेलमध्ये. फोनवर म्हणाली, बाबा, तिथल्या लोकांना पहिल्या दिवशीच दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी करीन म्हटलं.

बुधवार, ५ मार्च

ऑफिस पाया लेबारला, एमआरटीने सहावं स्टेशन. काम असं: भूमध्य समुद्राकाठच्या एका शहरात रोमन अवशेष आहेत, त्यांचं लेझरने केलेलं मोजमाप आमच्याकडे आलं आहे. त्यावरून आम्ही ते शहर संगणकात उभं करायचं. एप्रिलमध्ये इथे प्रदर्शन उघडेल आणि लोक डोळ्यांवर चष्मा लावून त्यात फिरतील. करारानुसार शहराचं नाव कुठे लिहायचं नाही. रोजनिशीतही नियम पाळतो. ‘बंदर’ म्हणेन.

काय बंदर आहे. समुद्राकडे उतरत गेलेलं रंगमंडल, वरच्या पायऱ्यांवर बसलं की नटाच्या डोक्यावरून गलबतं दिसावीत. रस्त्याच्या फरसावर गाड्यांच्या चाकोऱ्या चार बोटं खोल. दगडांवर पाथरवटांच्या खुणा. एकाची खूण माशाची आहे आणि त्याचा प्रत्येक दगड किंचित डावीकडे झुकतो. दोन हजार वर्षांनी मी त्याची चूक पकडली. मी तिथे कधी गेलेलो नाही. जायची गरजही नाही.

अनघा आमची टीम लीड, चौतिशीची, हुशार, घाईची. मी सगळी फाइल रोमन फुटांत बसवली त्यावर ती कुरकुरली. रोमन फूट २९६ मिलिमीटर, आपला ३०४.८. पण त्यांच्या मापाने मोजलं की सगळं पूर्णांकात येतं. दार दहा, बोळ आठ. त्यांनी जसं विचार करून बांधलं तसंच मी काढणार.

रंगमंडलाखाली एक बोळ आहे, कमानीच्या छताचा, डोंगरात शिरणारा. २१० फुटांवर छत कोसळून तो बुजला आहे. पुढे कुणी गेलेलं नाही. अनघा म्हणाली, काका, तिथे भिंत मारून बंद करा. मला काका म्हणते. पण उतार बघता बोळ तिथे संपणं शक्यच नाही. मी ढिगारा काढून टाकला आणि २७० फुटांपर्यंत बोळ पुढे नेला. त्यापुढे काय ते ठरेना, म्हणून तोंड उघडं ठेवलं. नुसता काळोख.

शनिवार, ८ मार्च

ड्रॉइंगमध्ये जागेचा अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा करतात. मापाचा माणूस. ऑफिसच्या संग्रहात आहेत ते सगळे सूट घातलेले, बॅगवाले. रोमन बोळात बॅगवाला. शिवाय त्यांची उंचीही कुठे नोंदलेली नाही.

म्हणून आज स्मिताला पोलादी दारापुढे उभं केलं आणि फोनने चहूबाजूंनी टिपली. निळी कोटा साडी, उंची १५५ सेंटिमीटर, चपलेविना. हलू नको म्हटलं की हसायची. शेवटी म्हणाली, इतक्या निरखून तर बघायला आला होतात तेव्हाही पाहिलं नव्हतंत.

दुपारी घरूनच फाइल उघडली आणि तिला बोळाच्या तोंडाशी ठेवलं. एकदम सगळं खरं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

बोळातली स्मिता जागेवर नव्हती. चौदा फूट आत. शेजारच्या टेबलावरच्या क्षितिजवर मी तापलो. तो म्हणाला, अंकल, तुमच्या फाइलला हात लावायची माझी बिशाद आहे का. टोमणा होता, पण खरा असावा. तिला परत तोंडाशी आणली.

घरी स्मिताचे हात गार. म्हणाली, ह्या घरात ओल्या चुन्याचा वास येतो. मला आला नाही.

सोमवार, १७ मार्च

सकाळी बोळात ती बावन्न फुटांवर होती. रोज मागे आणतो, दुसऱ्या दिवशी आणखी आत. फाइलच्या नोंदीत माझ्याशिवाय कुणाचं नाव नाही.

काल इराचा व्हिडिओ कॉल झाला. आम्ही दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. इरा म्हणाली, बाबा, आई इतक्या लांब का उभी आहे, तिला जवळ बसायला सांगा. आम्ही हसलो. मग मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. माझा चेहरा, आणि शेजारी, लांब कुठेतरी, निळ्या साडीतली लहानशी बाई.

आज ती मलाही तशीच दिसते.

गुरुवार, २० मार्च

नीट लिहितो. घाबरून चालणार नाही.

ती जेवणाच्या टेबलाशी, माझ्यापासून दोन फुटांवर बसते. पण दिसते वीस मीटरवरच्या माणसाएवढी. तिच्या अंगाला टेप लावली तर भरतात एकशे पंचावन्न, कारण टेपही तिच्यापाशी जाताना बारीक होत जाते. माझा हातही. कोपरापासून पुढचा हात दुसऱ्याच कुणाचा, लांबचा. तिने चहाचा कप उचलला आणि तो तिच्या हातात बोराएवढा झाला. आवाज घुमून येतो.

बोळात ती जितकी आत, घरात ती तितकी लांब. दोन्ही आकडे ताडून पाहिले, जुळतात.

तिला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं. ती उठली, चालायला लागली, चालत राहिली आणि दारापर्यंत पोचली नाही. पाऊण तासाने परत बसली. दमून म्हणाली, अहो, मी कुठेच जात नाहीये. तुम्हीच लांब चाललाय.

शुक्रवार, २१ मार्च

क्षितिज म्हणाला, मग डिलीट करा ना अंकल. माझं बोट कळीवर होतं. पुसली आणि घरीही पुसली गेली तर? त्याच्यावर असा ओरडलो की अनघा उठून आली. खरं काय ते सांगितलं. तिने मला पाणी दिलं आणि दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाली.

सोमवार, २४ मार्च

ती २१० फुटांपुढे गेली. जिथे ढिगारा होता. असता, मी काढला नसता तर.

पुढचा बोळ कुणी बांधलेला नाही, मी बांधला. त्यात काय आहे ते मला विचारा, मला ठाऊक नाही.

इथे भिंत मारावी तर ती पलीकडे राहते. भिंत तिच्या पुढे मारली पाहिजे. तिला अडवणारी.

बुधवार, २६ मार्च

पडद्यावर ती दिसेनाशी झाली. २७० च्या पुढच्या काळोखात गेली, जिथे मी काहीच काढलेलं नाही. आता तिचं अंतर फक्त घरी कळतं. हात लांब करून पट्टी धरतो, तिची उंची वाचतो, गणित करतो.

ती म्हणाली, पायाखाली उतार आहे. म्हणाली, पुढून वारा येतो, आणि वाऱ्यात कुणीतरी श्वास धरून ठेवल्यासारखं वाटतं. मग म्हणाली, जाऊ दे, तुम्ही जेवून घ्या, आमटी गार होईल. आमटी तिनेच केली होती. पातेलं तिच्याजवळ आहे. अंगठ्याच्या नखाएवढं.

शुक्रवार, २८ मार्च

आज सहाला फाइल कायमची बंद होऊन प्रदर्शनाकडे जाणार.

सकाळी तीनदा मोजलं. पट्टीवर एक सेंटिमीटर आणि वर केसभर. तीनशे फूट. तिला म्हटलं, आज तुला थांबवतो, पुढे भिंत लागली की तिला पाठ लावून उभी राहा, मग मी बघतो. ती म्हणाली, तुम्ही मोजलंय ना, मग झालं.

३०५ वर भिंत घातली. तिच्या पुढे पाच फूट. सहाला चार मिनिटं असताना. हात थरथरत होते, पण जागेवर बसली.

घरी निघालो. एमआरटीत, युनोस स्टेशन गेल्यावर—

मी घरी आपल्या फुटांत मोजतो. फाइल रोमन फुटांत आहे. मीच बसवली.

तीनशे आपले म्हणजे ९१.४४ मीटर. तीनशे पाच त्यांचे म्हणजे ९०.२८.

भिंत तिच्या पुढे नाही. तिच्या पाठीमागे आहे. तिच्या आणि माझ्या मध्ये.

टेबलाशी खुर्ची रिकामी. पातेलं नेहमीएवढं, आमटी अजून कोमट.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी नाही. इराने फोन केला, आई कुठे विचारलं. देवळात गेली म्हटलं. इरा म्हणाली, बाबा, तुम्ही रडताय का. इराशी पहिल्यांदा खोटं बोललो.

अनघाला अठरा फोन. सोमवारी हरी रायाची, म्हणजे ईदची, सुट्टी, ऑफिस मंगळवारी उघडणार.

पोलादी दारामागून आवाज. ठोकल्याचा. तीन. मग थांबतो. मग तीन. दार उघडलं. लोणचं, मुरांबा, भाजणी, खलबत्ता. भिंतीला कान लावला. गार. चुन्याचा वास. आता येतो मला.

मंगळवार, १ एप्रिल

अनघाच्या पाया पडलो. सगळ्यांसमोर, वयाचा विचार न करता. एक भिंत काढा, एकच, मग मला काढून टाका. ती रडवेली झाली. म्हणाली, काका, फाइल आपल्याकडे राहिलीच नाही. म्हणाली, ते लोक तुमच्या भिंतीवर खूश आहेत, जुनीच वाटते म्हणाले. म्हणाली, काकूंना फोन लावू का, कुणीतरी तुमच्याजवळ असायला हवं.

लावा म्हटलं. लावला. रिंग आमच्या घरात वाजली असणार. काँक्रीटच्या आत.

शनिवार, ५ एप्रिल

प्रदर्शन. चष्मा लावून थेट बोळात गेलो, भिंतीपर्यंत. माझीच भिंत, हाताला लागत नाही. मागे रांगेतली मुलगी म्हणाली, अंकल, so long already, my turn lah. तिच्या आईने तिला दटावलं आणि माझ्याकडे पाहून एक पाऊल मागे सरकली.

बाहेर पडताना पाहिलं. हौशी लोकांना दारातच टिपून घेतात आणि रोमन रस्त्यांवर उभं करतात. आठवण म्हणून.

मी रांगेत उभा राहिलो. १७१ सेंटिमीटर, बुटाविना. रस्त्यावर नको, रंगमंडलाखालच्या बोळाच्या तोंडाशी ठेवा, अशी विनंती केली. तो पोरगा म्हणाला, तिथे काही बघण्यासारखं नाही, अंकल.

मंगळवार, ८ एप्रिल

खिडकी लांब गेली. टेबल लांब. हातात धरलेलं मात्र माझ्याएवढंच राहतं, म्हणून सगळं पिशवीत घेऊन छातीशी धरलं आहे. हातोडी, छिन्नी, टॉर्च, पाणी, ही वही. मुरांब्याची बरणी, ती उपाशी असेल. टेप.

इराला पत्र लिहून टेबलावर ठेवलं. आता ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. काय लिहिलंय ते वाचता येत नाही.

१४ की १५

पायाखाली फरस. चाकोरी नाही. माशाची खूण, डावीकडे झुकलेली. उतार आहे.

फ्लॅट मागे, एक उजेडाचा ठिपका. फोन वाजतो तिकडे. इराचाच असणार.

तारीख नाही

२१० ओलांडलं. २७०. पुढे मी काही काढलं नव्हतं, तरी जमीन आहे. समोरून वारा नाही. भिंतीने अडवला असेल.

ठोकते आहे. ऐकू येतं. जवळ.

भिंत. टेपने मोजलं, त्यांचे ३०५ बरोबर. हाताला लागते. हाक मारली. ठोकणं थांबलं, मग घाईघाईने, तीन, तीन, तीन.

छिन्नी चालते. चुना ओला आहे.

—

हातभर खोदलं. भिंतच.

—

पाठीमागे ठिपका दिसत नाही.

आठ फूट आत. गुडघ्यावर. ठोकणं आहे तितकंच लांब. मुरांबा अजून उघडला नाही, तो तिचा.

टॉर्च मंद. मागची पानं काढून पाहिली. अठ्ठावीस मार्च. भिंतीची जागा लिहिली आहे. वेळ लिहिली आहे, सहाला चार मिनिटं. जाडी लिहिलेली नाही. सत्तावीस वर्षांत एकही माप नोंदायचं राहिलं नव्हतं—

ती ठोकते आहे. तीन. थांबली. तीन.

आठवायला हवं. हात थरथरत होते. जागेचा आकडा भरला. खाली जाडीचा रकाना होता, तो मी